जपानात नवीन आलोय, घर पूर्ण रिकामं आहे. १०० येनच्या दुकानातून काय घ्यावं, काय नको?

निशिकासाई_नवीन

नमस्कार मंडळी. आम्ही तीन आठवड्यांपूर्वी पुण्याहून तोक्योला आलो. नवरा नोकरीसाठी जूनमध्येच आला होता, कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये राहत होता, मी आणि आमची चार वर्षांची लेक आता आलो. मागच्या आठवड्यात निशी कासाईला घराची किल्ली मिळाली. घर छान आहे, स्टेशन जवळ, खाली बाग, पण रिकामं म्हणजे किती रिकामं असावं, छताला दिवा नाही, खिडक्यांना पडदे नाहीत, स्वयंपाकघरात शेगडी नाही. आपल्याकडे भाड्याच्या घरात निदान ट्यूबलाइट आणि पंखा तरी असतो ना, मी तेच धरून चालले होते. पहिली रात्र मोबाइलच्या टॉर्चवर काढली आणि पहाटे पाचलाच इतकं लख्ख उजाडलं की लेक उठून बसली. आता खिडकीला चादर लावलीय, कपड्यांचे चिमटे लावून, समोरच्या बिल्डिंगची बाल्कनी अगदी तोंडावर आहे त्यामुळे तेवढं तरी करावंच लागलं.

डिपॉझिट, की मनी (घरमालकाला द्यायचे, परत न मिळणारे पैसे), एजंटची फी, विमा यात इतके पैसे गेले की ह्या महिन्यात घर लावायला ६० हजार येन उरलेत आणि पगार २५ तारखेला. सगळे म्हणतात डायसोला जा, ते १०० येनचं दुकान, सगळं मिळतं. गेले. दीड तास फिरले, काय घेऊ आणि काय नको झालं, १४ वस्तू घेतल्या, १५४० येन झाले (टॅक्स धरून ११० ला एक पडते हे बिल बघून कळलं). घरी येऊन बघते तर निम्म्या चुकलेल्या. दोन डबे आणले त्यांचं झाकण वेगळं विकतात हे माहीतच नव्हतं, पडद्याच्या क्लिपा आणल्या त्या आमच्या रेलमध्ये जात नाहीत.

आणि एक गोष्ट लिहिते, म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी असं होणार नाही. गेस्ट हाउसला होतो तेव्हापासून दोन आठवडे मी ज्याने कपडे धुतले ते लिक्विड डिटर्जंट नव्हतंच. वास इतका छान यायचा पण नवऱ्याच्या शर्टाची कॉलर काही निघेना. शेवटी कॉइन लाँड्रीत एका आजींनी माझ्या हातातली बाटली बघितली, मशीनच्या वरच्या छोट्या कप्प्याकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या पिशवीतली दुसरी बाटली काढून माझ्यासमोर धरली. तेव्हा कळलं की मी सॉफ्टनरने कपडे धुवत होते. आजींनी त्यांच्यातलं एक झाकण भरून माझ्या मशीनमध्ये ओतलं आणि पैसे घेईनात. मला तिथे रडूच आलं, एक शब्द येत नाही भाषेचा, आणि ही बाई इतकं करतेय.

तर मला विचारायचंय, आधी काय घ्यावं, कुठून घ्यावं? डायसो, डॉन्की (सगळा माल विकणारं स्वस्त दुकान), निटोरी (फर्निचर, पडद्यांचं दुकान), सेकंडहँड, काय कशासाठी? नवरा म्हणतो शनिवारी एकदाच जाऊन कार्डवर सगळं घेऊन टाकू, मला ते पटत नाहीये. आम्ही शाकाहारी आहोत, माझ्याकडे पुण्याहून आणलेला मिक्सर आणि पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर आहे. गणपतीही जवळ आलेत. कोणी सविस्तर सांगेल का प्लीज.

ओजिमाची_वहिनी

अगं सगळ्यात आधी, घर लागतं गं, सगळ्यांचं लागतं. मी ११ वर्षांपूर्वी आले तेव्हा जेवायला टेबल म्हणून बॅगच आडवी टाकली होती दीड महिना. तुला पटत नाहीये ते बरोबर आहे, एकदाच सगळं घ्यायला जाऊ नका. कारण सांगते.

इथे वस्तू आणायला पैसे लागतात तसे टाकायलाही लागतात. तोक्योच्या २३ वॉर्डांत ज्या वस्तूची एखादी बाजू ३० सेंटीमीटरच्या वर आहे ती सोदाई गोमी, म्हणजे मोठा कचरा. ती अशीच खाली ठेवून चालत नाही. फोन करून किंवा नेटवर बुकिंग करायचं, ते सांगतील तितक्या रकमेची स्टिकरं कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या स्टोअरमधून आणायची, २०० ची आणि ३०० ची असतात, ती चिकटवून दिलेल्या दिवशी सकाळी ठेवायचं. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, एसी तर त्यातही बसत नाहीत, त्यांचा २००१ पासून वेगळा कायदा आहे, रीसायकलची फी आणि नेण्याचे पैसे आपणच भरायचे. मी पहिल्या महिन्यात हौसेने एक चपलांचं रॅक घेतलं, स्वस्त होतं म्हणून, ते दाराशी ठेवलं तर दारच पूर्ण उघडेना. माप घेतलंच नव्हतं. टाकायला स्टिकर लावताना जिवावर आलं होतं. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये मेजपट्टी असते, ११० येनचीच आहे, तू पहिली तीच घे.

आता क्रम. पहिला दिवा आणि पडदे, बाकी सगळं नंतर. छताकडे बघ, मधोमध एक गोल किंवा चौकोनी पांढरं सॉकेट असेल, त्याला हिक्काके शीलिंग म्हणतात. इथले छताचे दिवे त्यात घालून फिरवले की बसतात, इलेक्ट्रिशियन लागत नाही, स्टुलावर उभं राहून पाच मिनिटांचं काम आहे. दिव्यावर वॅट बघत बसू नकोस, ६ जो, ८ जो असं लिहिलेलं असतं, जो म्हणजे तातामीचं माप, खोली जेवढ्या जोची तेवढा दिवा, आणि घराच्या नकाशावर प्रत्येक खोलीचा आकडा असतोच. तीन ते पाच हजारांत चांगला एलईडी मिळतो, रिमोटसकट.

पडदे निटोरीतून किंवा एखाद्या होम सेंटरमधून तयार घे, शिवून घेऊ नकोस. ठरलेली मापं असतात, रुंदी १००, उंची १३५, १७८ किंवा २००. रेलमध्ये जी छोटी सरकती कडी असते तिच्या खालच्या भोकापासून माप घ्यायचं, रेलच्या वरून नाही, इथेच सगळे चुकतात. १०० येनच्या दुकानातले पडदे बाल्कनीच्या दाराला पुरत नाहीत.

मग डायसो कशाला? तर ह्या गोष्टींसाठी खुशाल जा: सिंकच्या जाळीत घालायच्या पातळ जाळीदार पिशव्या (ह्या रोज लागतात, इथे पोह्यातली मोहरीसुद्धा नळीत जाऊ द्यायची नाही), चिमट्यांचा गोल हँगर, कपड्यांच्या जाळ्या, मसाल्याच्या बरण्या, झिपच्या पिशव्या, आणि त्सुप्पारीबो. हा शब्द पाठ कर. दोन भिंतींच्या मध्ये स्प्रिंगने घट्ट बसणारा दांडा, खिळा ठोकावा लागत नाही. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडलं तर सोडताना डिपॉझिटमधून कापतात, म्हणून इथे सगळं जग ह्या दांड्यांवर टांगलेलं असतं. माझ्याकडे घरात नऊ आहेत. सिंकखाली एक लावला आणि त्यावर स्प्रेच्या बाटल्या अडकवल्या की निम्मं कपाट मोकळं होतं. भूकंपासाठी फर्निचरच्या पायाखाली लावायचे मऊ जेलचे तुकडेही तिथेच मिळतात, ते लेक झोपते त्या खोलीत आधी लाव आणि तिच्या डोक्याशी उंच काही ठेवूच नकोस.

काय घेऊ नकोस: तवा, कढई, सुरी. तवा इतका पातळ असतो की पोळी मधोमध जळते आणि कडेला कच्ची. साबण, डिटर्जंट, टिश्यू ह्यांचं १०० येनमध्ये बाटलीत फार थोडं येतं, ते ड्रगस्टोअरमधून घे आणि बाटली एकदाच, पुढे त्सुमेकाए, म्हणजे रिफिलचं पाकीट. आणि डायसोत सगळं १०० चं राहिलेलं नाही, २००, ३००, ५०० च्याही वस्तू मधेच ठेवलेल्या असतात, पाकिटावर आकडा बघत जा. सेरिया नावाचं दुकान आहे तिथे मात्र सगळं १०० चंच, बरण्या डबेही दिसायला जास्त छान.

तुझ्या सॉफ्टनरचं वाचून गलबललं. सेन्झाई म्हणजे धुवायचं, ज्यूनानझाई म्हणजे सॉफ्टनर, ह्योहाकुझाई म्हणजे ब्लीच. फोनमधल्या भाषांतराच्या कॅमेऱ्याने बाटलीची मागची बाजू वाचत जा. आणि बाथरूम, टॉयलेटच्या काही बाटल्यांवर मोठ्या अक्षरात एक इशारा असतो, माझेरु ना किकेन, म्हणजे मिसळू नका, धोका आहे. क्लोरीनवाल्यात ॲसिडवालं मिसळलं तर विषारी वायू होतो, तुझ्या घरात लहान मूल आहे, दोन्ही जातीची बाटली एका वेळी वापरायचीच नाही.

हमामात्सुकर

वहिनींनी घराचं सगळं सांगितलंच आहे, मी विजेचं आणि गॅसचं सांगतो, कारण ह्यात पैसे वाया जाताना मी खूप लोक बघितलेत.

ताई, मिक्सर लावू नका. इथे १०० व्होल्ट आहे, आपला मिक्सर २३० चा, तो गुरगुरेल, नीट फिरणार नाही, आणि मोटर तापेल. स्टेप अप ट्रान्सफॉर्मर मिळतो पण ७५० वॉटच्या मिक्सरला झेपेल असा घ्यायचा तर चांगलाच जड आणि महाग. त्यापेक्षा भारतीय दुकानांत ११० व्होल्टचे आपल्याकडच्यासारखेच मिक्सर असतात, तोवर चटणीपुरता इथला छोटा ग्राइंडर. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर चालतात, त्यांच्यावर १०० ते २४० लिहिलेलं असतं.

दुसरं, जपानात विजेची फ्रीक्वेन्सी दोन प्रकारची आहे. तोक्योकडे ५० हर्ट्झ, ओसाकाकडे ६०. १८९० च्या दशकात तोक्योने जर्मन जनित्रं आणली आणि ओसाकाने अमेरिकन, ते आजपर्यंत तसंच राहिलं, सीमा साधारण फुजी नदीपाशी. नवीन बहुतेक वस्तू दोन्हीकडे चालतात, पण जुना स्वस्त मायक्रोवेव्ह किंवा जुनं वॉशिंग मशीन घेताना मागचं लेबल बघा. तिथे फक्त ६० असेल तर तोक्योत घेऊ नका. कोणी ओसाकाहून बदली होऊन आलाय आणि फुकट देतोय म्हणाला तर हेच पहिलं विचारायचं.

तिसरं, शेगडी. घेण्याआधी घरमालकाच्या कागदावर बघा की सिटी गॅस आहे की प्रोपेन. दोन्हीच्या शेगड्या वेगळ्या, सिटी गॅसच्या शेगडीवर १२ए, १३ए लिहिलेलं असतं, प्रोपेनच्या शेगडीवर एलपी. चुकीची लावणं धोक्याचं आहे, बसवून बघू वगैरे अजिबात नाही. गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस घरी येतो आणि तेव्हा घरात कोणीतरी असावं लागतं, ती तारीख आजच घ्या, शेगडी नंतर आली तरी चालेल. गॅसच्या शेगडीवर तुमचा कुकर मस्त चालेल. इंडक्शन असेल, इथे त्याला आयएच म्हणतात, तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर चालत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटलं तर भांडं चालतं, नाही चिकटलं तर नाही, फ्रिजवर लावायचं १०० येनवालं चुंबक खिशात ठेवून भांडी घ्यायला जा.

आणि ब्रेकर बघून ठेवा, बऱ्याच घरांत ३० अँपिअरचंच कनेक्शन असतं. एसी, मायक्रोवेव्ह आणि पाण्याची किटली एकदम लावली की अंधार. घाबरायचं नाही, एक बंद करून खटका वर करायचा.

योकोहामा_शाकाहारी

मी खाण्याचं लिहिते. मी सात वर्षं इथे शाकाहारी राहिलेय, अंडंसुद्धा नाही, आणि उपाशी राहिलेली नाहीये.

ग्योमु सुपर शोध, हिरव्या पाटीचं दुकान, तुझ्या भागात नक्की सापडेल. नावाचा अर्थ धंद्यासाठीचं सुपरमार्केट, हॉटेलवाले घेतात तशी मोठी पाकिटं, पण कोणीही घेऊ शकतं. तिथे गोठवलेली भेंडी, पालक, परोटे, काबुली चणे, टोमॅटोचे डबे, तोफू, हळद, जिरं असं पुष्कळ मिळतं आणि बाकीच्या दुकानांपेक्षा खूप स्वस्त. फक्त पिशवी एक किलोची असते आणि इथल्या फ्रिजचा फ्रीझर छोटा, म्हणून फ्रिज यायच्या आधी जाऊ नकोस. तूरडाळ, पोहे, कणीक, बेसन, कढीपत्ता ह्यांना भारतीय दुकानं, आणि तू तर निशी कासाईतच आहेस, तिथे आपली माणसं इतकी आहेत की आपल्या अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावा वॉर्डातून नगरसेवक म्हणून निवडून आले, तुला काहीही अडणार नाही.

कांतोमध्ये, म्हणजे तोक्योच्या आसपासच्या भागात, ओके नावाचं सुपरमार्केट आहे, मला मनापासून आवडतं. कार्ड करून रोख पैसे दिले तर खाण्याच्या वस्तूंवर जवळपास ३ टक्के सूट मिळते. पण मला आवडतात त्या त्यांच्या पाट्या. एखादं फळ ह्या आठवड्यात आंबट असेल, पावसाने भाजीचा दर्जा उतरला असेल, तर तसं चक्क लिहून लावतात. मी पाटी वाचून फळ परत ठेवलंय कितीदा.

संध्याकाळी सात साडेसातनंतर कुठल्याही सुपरमार्केटात गेलीस तर लाल पिवळी स्टिकरं लावत एक माणूस फिरत असतो. हांगाकु म्हणजे निम्म्या किमतीत. वारी म्हणजे दहा टक्के, तेव्हा २ वारीबिकी म्हणजे २० टक्के कमी. नवीन माणसाला वाटतं दोनच टक्के. ब्रेड, तोफू, कापलेली फळं, पालेभाजी मी ह्याच वेळी घेते. तळलेल्या तयार पदार्थांपासून मात्र लांब राहा, बटाट्याच्या क्रोकेतमध्ये बहुतेक वेळा मांस असतं.

लेबलं. नुसतं भाजीचं चित्र बघून घेऊ नकोस. बटाट्याच्या वेफर्समध्ये चिकनचा अर्क असू शकतो, तयार रस्स्यांच्या पाकिटात पोर्कचा, आणि मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टच्या पाकिटात, सोया सॉसच्या गोडसर प्रकारात दाशी, म्हणजे बहुतेक वेळा कात्सुओ माशाचं पाणी. शिकायचे शब्द: बुता डुक्कर, ग्यू गाय, तोरी कोंबडी, साकाना मासा, एकिसु म्हणजे अर्क. जेलीत आणि दह्यातही जिलेटिन असू शकतं. मी सुरुवातीला ह्या शब्दांची चिठ्ठी करून फोनच्या कव्हरमध्ये ठेवली होती.

आणि गणपती! मोदकाची चिंता करू नकोस. जोशिन्को नावाचं पीठ कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं, ते साध्या तांदळाचंच पीठ, आपल्या पिठीपेक्षा जास्त बारीक. शिरातामाको घेऊ नकोस, ते चिकट तांदळाचं, त्याचा मोदक उकडताना पसरतो. पण एक वाटी जोशिन्कोला दोन चमचे शिरातामाको घातलं तर कळ्या पाडताना पारी चिरत नाही, हा माझा चार वर्षांचा अनुभव. गूळ नसेल तर ओकिनावाचा कोकुतो घे, उसाचाच, काळसर, अगदी किंचित खारट लागतो, म्हणून सारणात मीठ घालायचं नाही. ओलं खोबरं भारतीय दुकानात गोठवलेलं मिळतं. जोशिन्कोची उकड काढताना पाणी थोडं कमीच ठेव, हे पीठ पटकन सैल होतं.

सेंदाईचा_नागपुरी

ताई मी विद्यार्थी आहे, माझं सगळं घर सेकंडहँडच आहे, म्हणून लिहून राहिलो.

हार्ड ऑफ, ऑफ हाउस, सेकंड स्ट्रीट ही जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. साफ करून, तपासून ठेवतात, बऱ्याच वस्तूंना थोड्या दिवसांची हमी पण असते. फक्त जंक असं लिहिलेल्या टोपलीत हात घालाल तेव्हा समजून घाला, तिथलं काही चाललं नाही तर परत घेत नाहीत. फ्रिज, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह असा तीन वस्तूंचा एकत्र सेट पण मिळते, घरपोच किती ते धरून हिशोब करा, नाहीतर गाडीचे पैसे वस्तूएवढे होतात. आणि बनल्याचं वर्ष बघाच, लेबलवर असते. फार जुना फ्रिज घेतला तर पुढे विकायला गेल्यावर कोणी घेत नाही आणि मग वहिनी म्हणतात तसे टाकायचे पैसे तुमच्याच गळ्यात.

जिमोती नावाचं ॲप आहे, आसपासचे लोक वस्तू फुकट किंवा अगदी थोड्या पैशात देतात, आपण जाऊन आणायची. मार्चमध्ये तर पूर येतो, कारण इथे शाळा कॉलेज नोकरी सगळं १ एप्रिलला सुरू होते आणि त्याआधी लोक घरं बदलतात. आता ऑगस्टमध्ये कमी, पण लहान मुलांच्या वस्तू कायम असतात. मी एका काकूंकडून अभ्यासाचं टेबल आणलं, पाच किलोमीटर ढकलगाडीवर, त्यांनी वर एक डबा भरून पेअर दिले आणि टेबलाच्या खणात त्यांच्या मुलाच्या जुन्या पेन्सिली तशाच होत्या, म्हणाल्या राहू दे, उपयोगी पडतील.

सायकल जुनी घेतली तर बोहान तोरोकु, म्हणजे चोरीविरोधी नोंदणी, तुमच्या नावावर करूनच घ्या. देणाऱ्याकडून नोंदणीचा कागद आणि सायकल दिल्याची चिठ्ठी लागते. पोलिस रस्त्यात थांबवून नंबर बघतात, दुसऱ्याचं नाव निघालं तर उगाच समजावत बसावं लागते, मी रात्री अकराला चौकात उभा होतो अर्धा तास.

डॉन्की बद्दल. डॉन किहोते नाव आहे, लोक डॉन्की म्हणतात. बरीच दुकानं रात्रभर उघडी, छतापर्यंत माल, गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं आडवी जात नाहीत. ह्याचे संस्थापक ताकाओ यासुदा, त्यांनी १९७८ मध्ये तोक्योत एक छोटं दुकान टाकलं होतं, नाव दोरोबो इचिबा, म्हणजे सरळ सरळ आपला चोर बाजार! गोदाम नव्हतं म्हणून सगळा माल दुकानातच कोंबला, हाताने पाट्या लिहिल्या, आणि तीच पद्धत पुढे १९८९ ला फुचूमध्ये पहिलं डॉन किहोते काढल्यावरही ठेवली. मला तिथे जायला आवडते, पण घर लावायला जाऊ नका. एका कोपऱ्यात खरंच स्वस्त, दुसऱ्या कोपऱ्यात महाग, आणि घ्यायचं नसलेलं हातात येते. रात्री दहाला बल्ब गेला, चार्जर तुटला, अशा वेळी मात्र देवासारखं दुकान. आणि टॅक्स फ्रीच्या पाट्या दिसतील त्या टुरिस्टसाठी आहेत, तुमच्याकडे रेसिडेन्स कार्ड आहे, तुम्हाला लागू नाही.

ओजिमाची_वहिनी

नागपुरी, चोर बाजाराचं माहीत नव्हतं हो, छान सांगितलंत. डायसोचंही तसंच आहे. हिरोताके यानो म्हणून होते, २०२४ मध्ये गेले, ते आधी ट्रकमध्ये माल भरून गावोगाव विकायचे, आपल्याकडे हर माल दहा रुपयेवाली गाडी येते ना, तसंच. गिऱ्हाइकांची गर्दी झाली, प्रत्येक वस्तूची किंमत सांगत बसायला वेळ नव्हता, तर म्हणाले सगळंच १०० येन. तिथूनच १०० येनचं दुकान झालं. मी ही गोष्ट ऐकली तेव्हापासून ते दुकान मला परकं वाटतच नाही.

चिबाचा_बल्लवाचार्य

सगळं पटलं पण सुरीबद्दल थोडं वेगळं म्हणणं आहे. १०० येनची फळं कापायची छोटी सुरी मी तीन वर्षं वापरतोय, चांगली आहे. मोठी सुरी मात्र नकोच. आणि एक्स्टेन्शन बोर्ड स्वस्तातला घेताना किती वॉटपर्यंत चालतो ते वाचा, साधारण १५०० ची मर्यादा असते, एकावर राइस कुकर आणि किटली दोन्ही लावू नका. एवढंच.

राइस कुकर मात्र घ्याच, साधा तीन गोचा (गो म्हणजे इथलं तांदळाचं माप), सेकंडहँडही चालेल, आतल्या भांड्याचं कोटिंग निघालेलं नाही ना ते बोट फिरवून बघायचं. त्यात साबुदाणा खिचडीही होते, विश्वास ठेवा.

निशिकासाई_नवीन

किती लिहिलंत सगळ्यांनी, रात्री नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, तो गप्प बसून ऐकत होता आणि मग म्हणाला मेजपट्टी आणू आधी.

आणली. शनिवारी ठरवलं होतं त्यातलं अर्धंच केलं. बैठकीच्या खोलीला ८ जोचा दिवा घेतला, ३९८० ला मिळाला, खरंच फिरवला आणि बसला, लेकीने रिमोट सोडलाच नाही, पाच मिनिटं नुसतं चालू बंद चालू बंद. तिला इतक्या दिवसांनी रात्री चित्र काढत बसता आलं. गॅसवाल्याची मंगळवारची वेळ घेतली, कागदावर १३ए आहे. मिक्सर परत बॅगेत ठेवला. चुंबक घेऊन फिरतेय. फ्रिज आणि वॉशिंग मशीनचा सेट एका जुन्या दुकानात बघून आलो, वर्ष पण बघितलं, उद्या कळवतो म्हणून सांगितलंय, रात्रभर विचार करू. त्या लाँड्रीतल्या आजींसाठी ड्रगस्टोअरमधून त्यांच्याच सारख्या बाटलीचं रिफिल घेऊन गेले होते, त्या भेटल्या नाहीत, पुढच्या गुरुवारी त्याच वेळेला परत जाणार आहे. जोशिन्कोही मिळालं, दोन पाकिटं आणली, एक आधी करून बघायला.

फक्त एक अडलंय. बाल्कनीच्या दाराला माप घेतलं तर कडीच्या भोकापासून जमिनीपर्यंत १७९ भरतं, १७८ चे पडदे आणले, पण हुक लावून अडकवले तर खाली पाच सेंटीमीटरची फट राहतेय आणि सकाळचा उजेड तिथूनच येतोय. पाकिटावर ए आणि बी असं काहीतरी लिहिलंय. चुकीचं आणलं का मी? दोनशेचे आणायला हवे होते का?

ओजिमाची_वहिनी

नाही गं, बरोबर आणलेत. हुक हातात घेऊन बघ, प्लास्टिकचा आहे ना, त्याचा वरचा भाग खाली वर सरकतो, कटकट आवाज येतो. ए म्हणजे रेल दिसते असा, बी म्हणजे पडदा वर येऊन रेल झाकतो असा. तुझे बीवर असणार की एवर ते सोड, पडद्याचा काठ खाली यायला हवा म्हणून सगळे हुक सारख्याच खाचांनी सरकवत जा आणि प्रत्येक वेळी एक अडकवून बघ, जमिनीपासून एक बोट वर राहील तिथे थांब. बदलून आणायची गरज नाही. आणि फ्रिज घेतलास की सांग, दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघितलंस ना?

निशिकासाई_नवीन

झालं! तीन खाचा सरकवल्या. फ्रिजचं दार नाही बघितलं वहिनी, आत्ता नवऱ्याला फोन करते.